तीन शिंगं

शुक्रवारी सकाळी न्येरीच्या नगरबागेत
सतरा मुलं, एक भिंग, जॅमच्या चार रिकाम्या बरण्या
आणि मी, वामाइथा, तिसरीची वर्गशिक्षिका,
जिने सोमवारी बेसावधपणे म्हणून टाकलं होतं,
"चला, रानटी प्राणी बघायला जाऊ."

पोरं शब्दाला पक्की.
किन्युआच्या गळ्यात दुर्बीण:
पुठ्ठ्याची दोन नळकांडी, सुतळीने आवळलेली.
न्यागुथीच्या डब्यात उकडलेलं कणीस, हत्तीसाठी.
हत्ती तिकडे वर, ढगाआडच्या रानात,
तिकडे जाणाऱ्या जीपा रोज आमच्या शाळेवरून जातात.
धूळ तेवढी आमच्या वाट्याची.

इथे काय?
बंद पडलेलं कारंजं. एकाच साखळीचा झोपाळा.
'हिरवळीवर चालू नये' ही पाटी,
तिच्यावरून शेवाळ केव्हाच चालून गेलेलं.

"खाली बसा," मी म्हटलं, "गुडघ्यांवर.
हत्ती उभ्याने दिसतो. बाकीचं सगळं बसून."
(हे तिथल्या तिथे सुचलं. मीच चपापले.)

मग डोंगळ्यांची रेघ सापडली.
मुचेमी मोजत गेला, दोनशे बारापर्यंत,
दोनशे तेरावा त्याच्या मोज्यात शिरला.
कोरफडीच्या लाल तुऱ्यावर शिंजीर आला,
हिरवा, म्हणजे किती हिरवा,
ते सांगायच्या आत गेलाही.
भिंगाखाली गोगलगाईचं तोंड बघून
दोघी किंचाळल्या, आणि पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या.

आणि कुंपणाच्या जाळीत, पानांमध्ये
एक पान श्वास घेत होतं.

घोयरा सरडा.
नाकावर तीन शिंगं, भाल्यासारखी पुढे.
"गेंडा!" किन्युआ ओरडला.
"गेंड्याला दोन असतात," मुचेमी म्हणाला.
गेंडा दोघांनीही पाहिला नव्हता.
त्याचा एक डोळा माझ्याकडे, दुसरा आभाळाकडे,
आणि मी दोन पावलं मागे. खोटं कशाला सांगू?
आमच्याकडे याला कुणी हात लावत नाही.

म्हातारा मुरागे माळी दाताळं टेकवून म्हणाला,
"देवाने याच्याकडे निरोप दिला होता,
माणसं मरणार नाहीत असा.
हा निघाला. एक पाऊल पुढे, अर्धं मागे, झुलत, अडखळत.
तेवढ्यात पाखरू दुसरा निरोप घेऊन पोचलंसुद्धा.
म्हणून खड्डे खणावे लागतात आपल्याला."

मुलं गप्प.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
हा कुंपणातून बाहेर निघाला होता,
पाय उचलून, हवेत धरून,
टेकवू की नको असा विचार करत.

तेव्हा मागून कबुई म्हणाली,
"लांब असेल त्याचं घर."

कबुई. हजेरीपटात तिच्या नावापुढे
लाल शाईच्या फुल्यांची ओळ आहे, जानेवारीपासून.
नदीपलीकडून येते. धाकट्याला बालवाडीत सोडून येते.
मी कधी विचारलं नव्हतं. फुली मारायला
फार वेळ लागत नाही.

कुणी काही बोललं नाही.
मुरागेने दाताळ्याचा दांडा आडवा धरला,
कुंपणापासून पलीकडच्या पेरूपर्यंत.
हात थरथरत होते त्याचे,
वयाने की भीतीने, मला कळलं नाही.
मग दुसरं टोक मीच धरलं.

अकरा वाजून गेले. साडेअकरा.
सतरा मुलं श्वास रोखून, आणि तो
दांड्यावर मध्येच थांबलेला,
लाकडासारखा तपकिरी होत होत.

शाळेच्या फाटकात मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत उभे.
"उशीर झाला," मी म्हटलं. कारण सांगितलं नाही.
माझ्या मागे कबुई,
रांगेत पहिल्यांदाच शेवटची नव्हती.
शेवटची न्यागुथी होती, रिकामा डबा वाजवत.
कणीस तिने कारंज्याच्या काठावर ठेवलं होतं.
हत्ती रात्री येतात, ती म्हणाली,
लोक गेल्यावर.