बाद मतं

पहिला भाग पाहिला तो निव्वळ धुक्यामुळे.
बोट तीन दिवस आली नव्हती, समोरचा पिको डोंगर
कुणी पुसून टाकल्यासारखा गायब,
आणि देओलिंदा लिस्बनहून फोनवर म्हणाली,
माझा पासवर्ड घे, बघ. नाहीतरी रात्री करतोस काय?

करतो काय? चीज उलटतो.
सहकारी डेअरीच्या तळघरात साडेचारशे चाकं,
एकेकाला पालथं घालायचं, फडक्यानं पुसायचं
आणि घरी येऊन आपलेच हात हुंगत झोपायचं.
राजकारणाचं म्हणाल तर गावात दोनच पक्ष:
ज्यांच्या गाई आमच्या कुरणात शिरल्या होत्या ते,
आणि आम्ही.

पण ती बाई. लिओनोर वास्केस.
पहिल्याच भागात पंतप्रधान झाली, तीही चुकून,
दोन तगडे उमेदवार एकमेकांना खाऊन बसले म्हणून.
शपथेला जाताना बुटाची टाच निघाली
आणि ती तशीच चालत राहिली, लंगडणं लपवत,
जणू तिच्या पायाखालचा देशच एका अंगाला कललाय.
मी म्हटलं, आणखी एकच भाग.

'आणखी एकच' या शब्दांवर कुणी कर लावला असता
तर आमचा धक्का केव्हाच दुरुस्त झाला असता.

एकशे सोळा हवेत, एकशे चौदा आहेत.
चीज उलटता उलटता मी फळ्या वाटून टाकल्या:
हे आघाडीचे, हे फुटीर, हा कोपऱ्यातला काठावरचा.
एका मंगळवारी अख्खी फळी उलटायची राहिली,
खालच्या अंगाला ओल धरली.
चेअरमन आर्मेनियोनं विचारलं, झोप होत नाही का?
अंदाजपत्रक अडकलंय, मी म्हणालो.

फिलोमेना म्हणायची, खोटं सगळं, नटव्यांचा खेळ,
आणि टीव्हीकडे पाठ करून विणत बसायची.
पण सचिव तेल्मोनं ते पत्र फोडलं
तेव्हा तिच्या सुया थांबल्या.
थांबण्यालाही आवाज असतो. मी ऐकला.

ऑक्टोबरात खरी निवडणूक. शाळेत मतदान,
टेबलावर यादी घेऊन मी.
भिंतीवर तीन उमेदवार, तिघेही हसरे,
एकाचीही टाच निघालेली नाही.
माझी पाळी आली तसा आडोशाला गेलो,
दोरीला बांधलेलं पेन उचललं
आणि चौकोनांच्या खाली, शाळकरी अक्षरात,
तिचं नाव लिहिलं.
चोपन्न वर्षांच्या माणसानं.

संध्याकाळी मोजणी. एकशे एकोणनव्वद. त्यात बाद पाच.
एक माझं.
दुसऱ्यावर तेच नाव, पहिल्या अक्षराला ती शेपटी
जी वाणसामानाच्या यादीत लिंबांपुढे दर शनिवारी भेटते.
तिसरं थरथरत्या हाताचं: म्हातारा बेल्मिरो, गाईवाला,
आमच्या घराशी एकतीस वर्षं अबोला.
आडनाव चुकवलं होतं त्यानं.
मला ते दुरुस्त करावंसं वाटलं.
चौथ्यावर नाव नाही, फक्त: राजीनामा देऊ नकोस.
आणि पाचव्यावर तेल्मो.
तेल्मो! या गावात? कोण?
रोज कुणाला टोपी काढून नमस्कार करतोय मी?

शिक्के मारले. इतिवृत्तात लिहिलं, पाच.
वाया गेली बिचारी, आर्मेनियो म्हणाला,
जरा जास्तच घाईनं.

घरी जाताना धुकं नव्हतं.
चढावर बेल्मिरोच्या खिडकीत निळा उजेड हलत होता.
कितवा भाग चाललाय कोण जाणे.
कुरणाच्या फाटकाशी उभा राहिलो,
तिचा आवाज ऐकू येतो का म्हणून.
कुत्रं भुंकलं. आतून म्हातारा ओरडला, कोण आहे?

नाव सांगायचं जिवावर आलं.
एकशे सोळा, मी म्हणालो.

बराच वेळ काहीच नाही.
मग आतून, खोकत:
अजून दोन कमी आहेत.