एक्केचाळीस दिवस

राजा तिकडे जानेवारीत गेला.
बातमीचं जहाज गांबियाच्या मुखाशी लागलं
तोवर भुईमूग पोत्यांत भरून झाला होता.
मधल्या दिवसांत मॅजिस्ट्रेटनं
मेलेल्याच्या नावानं
डेंबो सान्यांगला दंड केला : तीन शेळ्या.

आता दफ्तरखान्यात आमची खल-बैठक.
नवा राजा कधीपासून धरायचा?
तिकडे श्वास थांबला तेव्हापासून,
की इथे धक्क्यावर तोफ उडाली तेव्हापासून?
मी पेन्सिलीनं दोन्ही तारखा लिहून ठेवल्यात.

डेंबोची पणती न्यीमा
दाराशी बाकावर बसून असते.
तिला तारखेचं काही नाही.
म्हणते, एक्केचाळीस दिवस
आमच्या डोक्यावर कुणीच नव्हतं ना?
मग शेळ्या नेल्या कुणी?

तिघीही गाभण होत्या.
हे तेवढं शाईनं लिहा.