साठ हवामानं

केबलची काळी वायर आधी व्हीसीआरमध्ये,
तिथून टीव्हीत,
मध्ये स्टॅबिलायझर, जो दर वेळी
थोडा विचार करून टक् म्हणायचा.
जनकगंजात, दुसऱ्या मजल्यावर,
शालनआत्या रोज सात सत्तावीसला
दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबायची,
प्ले आणि रेकॉर्ड,
पेटीवर सूर धरावा तशी.

बातम्या नकोत. नुसतं शेवटचं हवामान.
तीन मिनिटं.
मिरज, कमाल चौतीस. अलिबाग, किमान एकवीस.
महाबळेश्वर आलं की ती पदर
खांद्यावर ओढून घ्यायची, मे महिन्यातसुद्धा.

यातलं एकही गाव तिनं पाहिलं नव्हतं.
आमचे पूर्वज घोड्यावरून आले म्हणतात.
बाबा म्हणायचे, कसला घोडा,
हिशेबाच्या वह्या घेऊन बैलगाडीतून.
ते असो.
आमच्या मराठीत भाजीवाल्याची हिंदी
कधीच कालवली गेली होती,
आत्या मात्र पडद्यासमोर बसून
'तुरळक ठिकाणी', 'मध्यम स्वरूपाच्या',
'उर्वरित भागात कोरडे'
ओठांतल्या ओठांत म्हणून बघायची,
दुसऱ्याच्या लग्नात उखाणा पाठ करावा तसं.

एका कॅसेटीत साठ हवामानं मावतात.
गणिताची बाई होती, तिनंच हिशेब मांडला.
कोऱ्या कॅसेटी संपल्या तेव्हा
एका लग्नाच्या कॅसेटीचं तोडलेलं चौकोनी भोक
सेलोटेपनं बुजवून
सप्तपदीवर सांगली चढवली.
कुणाचं लग्न ते विचारू नका.
काकू अजून त्यावर बोलत नाही,
म्हणजे आत्याशी बोलत नव्हती,
आता कुणाशी बोलणार.

लाइट गेली की रामसेवक कुशवाहची डिशपण जायची.
आली की व्हीसीआरचं घड्याळ
बारा शून्य शून्य, बारा शून्य शून्य,
हिरवं, लुकलुकत,
आणि आत्या चष्मा लावून पुन्हा
पहिल्यापासून वेळ शिकवायची त्याला.

सत्तेचाळीस डिग्रीत,
कूलर गरम वारा फेकत असताना
ती डिसेंबरचं जुनं नाशिक लावायची.
"बघ," म्हणायची. "नऊ."
मग आम्ही दोघी गप्प,
नऊ अंशांत.

व्हीसीआर आत्याच्या आधी गेला, चार वर्षं.

परवा बाड्यावरच्या दुकानात अकरा कॅसेटी नेल्या.
मुलगा तासावर पैसे घेतो.
जरा पुढे-मागे करून म्हणाला,
"दीदी, इसमें तो सिर्फ़ मौसम है.
वो भी पुराना."

चौथ्या कॅसेटीत मध्येच मुंग्या.
वीस मिनिटं पडदाभर मुंग्या आणि खरखर.
पेपर तपासायला मुरैन्याला गेली असणार ती,
टायमरवर भरवसा नाही म्हणून
अलीकडे दहा, पलीकडे दहा लावून,
आणि इकडे आंधीत डिश फिरली.
पुसता आलं असतं.
कॅसेटीच्या पाठीवर, निळ्या शाईत,
बाकीच्या तारखांच्या रांगेत,
त्याच वळणदार अक्षरात:
'२ जून. ग्वाल्हेर. धूळ.'

त्या यादीत आमचं गाव कधीच नव्हतं.

"ये खाली वाला हिस्सा काट दूँ?" मुलगा विचारतो.
"बीस मिनट बचेंगे आपके."
मी तोंड उघडते,
तेवढ्यात दुकानातली लाइट जाते.
टेबलाखालून त्याचा यूपीएस
टुंई, टुंई करत राहतो.
तो म्हणतो, "आ जाएगी,"
आणि आम्ही दोघं
अंधारात कॅसेटीजवळ
उभे.