पाणी सोडायचं राहिलं

मार्चचा दुसरा शनिवार. समुद्रावरचा वारा
अजून धार लावूनच येतोय.
नॉर्थम्बरलंडच्या या तळावर तीस कॅरव्हॅन,
त्यातल्या चार उघडल्यात. आमची पाचवी.
दार आधी आत दाबावं लागतं, मग ओढावं लागतं.

आत ओलसर गाद्यांचा वास,
खिडकीच्या फटीत मेलेल्या माश्या,
टेबलावर ऑक्टोबरचं वर्तमानपत्र, शब्दकोडं अर्धवट.
मॅव्हिस कोट न काढता थेट संडासात गेली.
निळं बटण दाबलं.
घुर्रर्र.
भांडं कोरडंच.
पुन्हा दाबलं. पुन्हा नुसता आवाज,
कोणीतरी तोंडातल्या तोंडात कुरकुरावं तसा.

"पाणी सोडलं होतंस ना?"

थंडी पडायच्या आत टाकी रिकामी करायची,
बटण दाबून पंपातला शेवटचा घोटही काढायचा,
बावीस वर्षं हे काम माझं.
त्या दिवशी आम्ही भांडत होतो.
तिच्या बहिणीला नाताळला बोलवायचं का,
इथून सुरू झालो
आणि एकोणीसशे ब्याण्णवपर्यंत मागे गेलो.
दोघांपैकी कोणीच काही सोडलं नाही.
मग गाडीत बसलो.
मॉर्पेथ येईपर्यंत बोलला तो फक्त वायपर.

जानेवारीत इथे उणे अकरा होतं.

मी "नाही" म्हणालो.
ती "हं" म्हणाली.
चौतीस वर्षं ॲल्निकच्या दवाखान्यात
दातांच्या डॉक्टरच्या हातात तिने हत्यारं दिली.
आज हात तिचा पसरलेला,
देणारा मी.
स्क्रू ड्रायव्हर. तो नाही, बारका.
चिमटा. फडकं.
पर्समधून तिने तो गोल आरसाही काढला,
लांब दांड्याचा, निवृत्तीच्या दिवशी ढापलेला,
आणि टाकीच्या तोंडात घातला.
"उजेड धर. इथे नाही. जिभेच्या मागे."

टाकीला जीभ नसते, हे मी बोललो नाही.
गेले पाच महिने ती मला पाण्यात पाहते आहे.
आता खरोखरच पाहत होती,
आरशात माझी हनुवटी डुलत होती.

नळीला धरून, अक्कलदाढ हलवावी तसा
हलवत हलवत तिने पंप वर घेतला.
लिंबाएवढा. दोन वायरी, एक तांबडी, एक काळी.
प्लास्टिकच्या अंगावर
केसाएवढी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मोटर फिरत होती बिचारी,
पाणी मात्र चिरेतूनच परत टाकीत जात होतं.

मी काहीतरी उपमा द्यायला तोंड उघडलं.
"उजेड," ती म्हणाली.

हॉबसनच्या दुकानात असे पंप सहा होते.
दर मार्चला आणून ठेवतो म्हणे.
"नवरे विसरतात," तो म्हणाला,
आणि माझ्याकडून तेवीस पौंड घेतले.

नवा पंप तिने आधी बादलीत बुडवला.
वायरींची टोकं बॅटरीला टेकवली.
धार उडाली ती सरळ माझ्या पँटवर.
"चूळ भर," ती पंपाला म्हणाली, "आता थुंक."
आणि हसली. मला वाटतं हसली.
वारा होता, नक्की सांगता येत नाही.

मग वायरी जोडल्या, जोड चिमटून घट्ट केले,
नळी उकळत्या पाण्यात मऊ करून
पंपाच्या नाकावर चढवली. तिचा अंगठा भाजला.
मी तो तोंडात घालणार होतो, चाळीस वर्षांपूर्वीसारखा.
तिने तो माझ्या थंड कानाच्या पाळीला लावला.

निळं बटण.
गुलाबी पाणी भांड्याला गोल वळसा घालत आलं.
तिने तीनदा दाबलं.
दोनदा उगाचच.

"येत्या ऑक्टोबरात मी सोडेन," हात पुसत ती म्हणाली.
काय, ते मी विचारलं नाही.
ती शब्दकोड्याकडे गेली. पेन चालेना, थंडीने गोठलेलं.
ते फुंकत बसली.
मी तिथेच, झाकणापाशी,
हातातला टॉर्च अजून चालूच.