खडीचा वाफा

क्राउली, लुइझियाना. सकाळी सातला
हवा एवढी ओली की काडी
पेटीवर घासली तर वाकते, पेटत नाही.
पोर्चच्या खांबावर हिरवं, बुटांच्या आत हिरवं,
आल्सीद फाँटनोच्या आईच्या बायबलालाही
कडेकडेने हिरवं.

अशा गावात त्याने आणला
टेक्सासच्या पार रखरखीत टोकाहून
ट्रकमागे आडवा टाकून, वर्तमानपत्रात गुंडाळून
एक युक्का.

अति तिथे माती म्हणतात.
इथे मातीच अति :
भातखाचरांची, काळी, चिकट,
फावडं धरून ठेवणारी
आणि सोडताना कुरकुरणारी.
ती त्याने गुडघाभर उपसून टाकली.
भरली खडी, विटांचे तुकडे, ऑयस्टरच्या शिंपल्यांचा चुरा,
वर मूठभर माती, तीही नाइलाजाने.
उंचवटा पाहून पोस्टमनने हळूच विचारलं,
कुत्रं गेलं का?

पावसाला इथे ठरलेला महिना नाही.
दुपारी तीनच्या सुमारास येतो,
काहीतरी उसनं मागायला आल्यासारखा,
आणि तासभर बसतो.
आल्सीद छत्री घेऊन बाहेर पडतो.
छत्री युक्कावर. स्वतः भिजत.
शेंड्यात, त्या पात्यांच्या मधोमध पाणी साचलं
की वाकून फुंकर मारतो,
डोळ्यात कुसळ गेलेल्या लेकराला मारावी तशी.

ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन. अकरा दिवस.
समोरच्या अर्लीन ब्रुसार्डने
न सांगता, न चुकता,
दोन्ही वेळा पाइप धरला.
"तहानलेला दिसला रे बिचारा," म्हणाली,
आणि त्याच्या हातात गंबोचं भांडं ठेवलं,
अजून गरम.

रात्री बॅटरी लावून त्याने शेंडा चाचपला.
मधलं पान सहज हातात आलं,
दुधाचा दात यावा तसं.
वास आंबट.
कुबडी भिंतीला टेकवून त्याने करवत घेतली,
पांढरं, घट्ट लागेपर्यंत कापत गेला,
जखमेवर दालचिनीची पूड दाबली,
मग पायरीवर बसून
गंबो संपवला. चांगला झाला होता.

"हे काय केलंस त्याचं?" दुसऱ्या दिवशी अर्लीन.
"छाटणी," तो म्हणाला. "आमच्यात ऑगस्टमध्येच करतात."
आमच्यात म्हणजे कोणात,
हे तिने विचारलं नाही.

जानेवारीत, हाडात शिरणाऱ्या गारठ्यात
बुंध्याच्या कुशीतून दोन कोंब,
बोटाएवढे, आणि आत्ताच टोचणारे.
एक त्याने अलगद उतरवला,
कॉफीच्या डब्याला खाली सात भोकं पाडली,
खडी, विटा, शिंपले,
आणि लंगडत रस्ता ओलांडून
तिला नेऊन दिला.

निघताना म्हणाला,
"अर्लीन, तुझा पाइप जरा उसना दे.
माझा गळतोय."

तो पाइप अजून
त्याच्या गॅरेजात खुंटीला आहे,
नीट वेटोळं करून,
कोरडा.