बाटली क्रमांक सात

साइट ऑफिसच्या खिडकीत मी बाटल्या मांडून ठेवते,
लेबल सोललेल्या, लिटरच्या,
झाकणावर मार्करने तारीख आणि वेळ.
ढमढेरे म्हणतात, मॅडमनी लोणची घातलीत.
हसतो आम्ही.
मग ते स्लॅबवर जातात आणि मी बघत बसते
सूसच्या टेकडीला
बोटभर गाळ होऊन तळाशी बसताना.

मुरूम लवकर बसतो, चहा होईपर्यंत.
काळी माती हट्टी,
तिसऱ्या दिवशीही पाण्याचा पदर सोडत नाही.
कॉलेजात यासाठी एक सूत्र होतं, गोल कणांचं.
इथला एकही कण गोल नाही.

नकाशात ओढा म्हणजे निळी तुटक रेघ.
तुटक, म्हणजे असलाच तर.
तिच्यावर आमच्या बी विंगचं पार्किंग,
खाली नऊशे मिलिमीटरचा पाइप,
आणि पाइपाच्या तोंडातून जे पडतं
ते राम नदीला, राम नदी मुळेला,
पुढे पुढे उजनीपर्यंत.
तिथे कोण तांब्या बुडवतं, मला माहीत नाही.
आमच्या ब्रोशरमध्ये तो ओढा
‘जलप्रवाहालगतची शांतता’ आहे.

उतारावर शांतव्वाने दगडांचे बांध रचले,
एकाखाली एक, पाच.
मी म्हटलं, फटी राहिल्यात.
ती म्हणाली, पाण्याला अडवू नका बाई, दमवा.
आणि पुढच्या दगडाला हात घातला.

गणपती उठून गेले.
आता काय येतोय पाऊस, असं सगळ्यांनीच ठरवलं,
बांधावरचं गोणपाट सळ्यांवर गेलं,
फाटकाजवळची खडी कुणीतरी रस्त्याच्या खड्ड्यात भरली.
मग एका रात्री हस्त असा कोसळला
की गार्डच्या केबिनची खुर्ची तरंगत गेटपर्यंत आली.

मी छत्री नि बॅटरी घेऊन पाइपाच्या तोंडाशी.
बाटली एक, दोन, तीन: विटकरी.
चार: चहा, दूध जास्त झालेला.
पाच, सहा थोड्या निवळ,
म्हणजे बांध टिकले होते, निदान वरचे तीन.
दोन वाजून दहा मिनिटांनी सातवी भरली
आणि ती पांढरी होती.

कागदाची पट्टी बुडवली. जांभळी झाली,
आधी हळू, मग एकदम, खोटं बोलताना पकडल्यासारखी.
काठावर एक खेकडा,
पोट वर, नांग्या मिटलेल्या,
अंगावर चुन्याचा हात दिल्यासारखा.

वर ट्रान्झिट मिक्सर उभा होता.
इर्शाद ड्रम धुत होता, पावसातसुद्धा पाइप लावून,
उरलेलं सिमेंट गटारीच्या जाळीत.
मी ओरडले. खूप ओरडले.
त्याने पाणी बंद केलं, टोपी पिळली,
आणि विचारलं, धुवायचा खड्डा कुठाय मॅडम?

खड्डा ड्रॉइंगवर होता.
तीन मीटर बाय तीन, आत प्लास्टिकचं अस्तर,
मीच आखलेला.
मेमध्ये तिथे सॅम्पल फ्लॅटची हिरवळ आली.
बदलाच्या कागदावर तीन सह्या आहेत.
तिसरी वाचता येते.

सकाळी हिरवळ उचलली, गुंडाळी करून, सतरंजीसारखी.
सेल्सचे अभ्यंकर कानाला फोन लावून
जेसीबीच्या आडवे उभे राहिले, मग बाजूला झाले.
दुपारी खड्ड्यात पहिलं धुवण पडलं.
ढमढेरेंनी विचारलं, आता झालं ना समाधान?
मी हो म्हणाले. पाइपाकडे गेले नाही.

परवा खिडकी आवरायला घेतली.
बाकीच्या बाटल्या हलवल्या की टेकडी पुन्हा उठते,
फिरते, गढूळ होते, ओतली की निघून जाते.
सातवी उपडी धरली.
वरचं पाणी सांडलं, स्वच्छ, अगदी पिण्यासारखं.
तळ आला नाही.
ठोकली, खिडकीच्या चौकटीवर, दोनदा.
नाही आला.