सतरा नंबरचं पेव

हॅम्बुर्गहून कळवलं, सतरा नंबरची दोन पोती फोडली
तर दोन निराळ्या हळदी निघाल्या.
एक राजापुरी. दुसरी कुठली, ते आम्हालाही सांगता येईना.
सांगलीत सतरा नंबर कुणाकडे नाही?
बिरनाळ्यांच्या वखारीत सतरा, आरवाड्यांच्या गाळ्यात सतरा,
हरिपूरच्या पेवांत तर दोन-तीन.
प्रत्येकाचा सतरा आपापल्या घरी खरा.

तातोबा दिवाणजी म्हणाले, दिल्लीला अर्ज करू,
नवे नंबर मागून घेऊ.
मी म्हटलं, मागायचे कशाला?
बाजार समितीनं दिलाय की एक, परवान्यावर.
तो तिनं दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.
समितीला तिचा आकडा कुणीतरी दिला,
त्या कुणालातरी आणखी वरच्यानं.
आपल्या आकड्यापुढे एक टिंब द्यायचं,
टिंबापलीकडे आपलं राज्य:
पेव, टिंब, पोतं.
हॅम्बुर्गपर्यंत असा दुसरा सापडायचा नाही.

दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवला.
मी त्यांच्याच टेबलावरचं पोस्टकार्ड उलटं केलं.
मु. पो. हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली.
बघा, टिंबं तुम्ही जन्मभर देताय.
आता फक्त शेवटाकडून वाचायचं.

तेवढं पटलं. भांडण झालं शून्यांवरून.
परवाना क्रमांक ००४१२; मी नुसतं ४१२ लिहिलं.
"आणि दोन शून्यं?"
पुढची शून्यं मोजणीत धरत नाहीत, दिवाणजी.
"थोरल्या मालकांनी दोन दिवस रांगेत उभं राहून आणलाय हा नंबर.
सगळा आणलाय."
शेवटी शून्यं पाटीवर राहिली.

दुपारी पेवं मोजायला हरिपूरला गेले.
शामगोंडा पुढे, हातात कंदील.
पेवात माणूस उतरायच्या आधी तो कंदील सोडतो;
ज्योत विझली तर बाहेर बसून तंबाखू मळतो,
टिकली तर उतरतो.
पंधरा. सोळा.
मग नुसतं गवत, मधे जरा खोलगट.
"हे सतरा. पाच सालच्या पुरात बुजलं.
माल आत हुता."

मी लिहिलं: सतरा, बंद.
"मग त्यो नंबर ह्या नव्या पेवाला द्या की. मोकळाच हाय."
नाही द्यायचा, मी म्हटलं. एकदा दिला तो दिला.
पेव गेलं तरी आकडा त्याचाच.
तो हसला. "आमच्यात तर मेल्यालं नाव नातवाला देत्यात.
मी शामगोंडा, माजा आजा शामगोंडा.
तुमचा आकडा आमच्यापरीस सोवळा व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही.
वहीच्या समासात पेनानं टिंबं काढत राहिले.
नदीकडून वारा आला, त्याला हळदीचा जुना वास होता.

थोड्या वेळानं तोच म्हणाला,
"बापाचं नाव आदगोंडा. आज्याच्या बापाचंबी आदगोंडा.
म्हंजे आजा शामगोंडा आदगोंडा, आन् मीबी शामगोंडा आदगोंडा.
सातबाऱ्यावरचा कोन, तलाठ्याला कळंना.
सोसायटीची नोटीस आली आज्याच्या कर्जाची,
सही मला कराय लावली."
मग? केलीस?
"केली की. नाव माजंच हुतं."

कंदिलाची काच त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली.
"ऱ्हाऊ द्या सतरा. ऱ्हाऊ द्या त्याचं त्याला."

अठराकडे जाताना वाट सरळ गवतावरूनच होती.
तो खोलगटाला वळसा घालून गेला.
मागोमाग मीही.